कुलपात कुजणारा दोरा

“माझ्या मशिनला कुणी हात लावला, तर त्या हाताला मी कधी बाही बेतणार नाही,” असं टाचणी एकदा म्हणाली होती. तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन शेतावरच्या घरात आली होती आणि तिचं पायाचं शिलाई मशिन टेंपोतून खाली उतरत होतं. सगळे हसले होते. थोरली जाऊ सगळ्यांत मोठ्याने हसली होती.

टाचणी हे नाव थोरलीनेच ठेवलं. शिवताना तिच्या ओठांत चार-सहा टाचण्या धरलेल्या असत, म्हणून ती ओठ न हलवता दातांतून बोले. ‘दूध उतू जातंय’ एवढंच म्हणाली तरी ऐकणाऱ्याला वाटे, आपल्यावर काहीतरी आळ आलाय.

घरात दोन भाऊ, दोन जावा, सासूबाई आणि टाचणीची चार वर्षांची मुलगी. थोरलीला मूल नव्हतं. जावांमध्ये कामाची वाटणी अशी की गोठा थोरलीचा आणि शिवण टाचणीचं. दोन्ही वेळच्या धारा, वैरण, शेण थोरली बघायची. टाचणी घरादाराचे कपडे शिवायची आणि वर गावातलं काम घ्यायची. पण शेत काही वाटणी मानत नाही. पाणी सोडायला, खुरपायला, बटाटे काढायला तिला उठावंच लागे. मग शिवणकाम उरल्यासुरल्या वेळात शिरायचं. दुधाच्या गाडीची वाट बघत फाटकाशी उभ्या उभ्या ती बटणं लावी. चहा उकळेपर्यंत एक दुमड. पांढरं कापड हातात घ्यायच्या आधी कोपरापर्यंत हात घासून धुवायचे आणि तरी वास घ्यायचा. मापाचं माणूस मिळालं नाही की ती नवऱ्याला स्टुलावर उभं करून त्याच्या अंगावर गिऱ्हाइकाचा फ्रॉक चढवायची आणि घेर टाचायची. एकदा तो असा फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये उभा असताना गुरांचा डॉक्टर दारात आला. दोघांकडे नीट बघून त्याने विचारलं, “पेशंट कोणता?”

आणखी एक खोड होती तिला. उरलेल्या चिंध्यांतून ती दिसेल त्या वस्तूला खोळ शिवायची. रेडिओला खोळ, घागरीला खोळ, थोरल्याच्या टॉर्चला खोळ. सासूबाई म्हणायच्या, “मी जरा स्वस्थ बसले की मला भीती वाटते. माझंही माप घेईल.”

मुलगी मात्र थोरलीची होती, म्हणजे जन्म सोडून बाकी सगळी. मशिन चालू असताना पोर पायडलपाशी नको म्हणून टाचणीनेच ती रांगती असल्यापासून थोरलीकडे दिली. ती झोपायची थोरलीजवळ, हाक मारायची ‘मोठी आई’, आणि धारा काढताना थोरलीच्या पाठीला पाठ लावून बसायची. त्या पाठीची ऊब थोरलीला इतकी सवयीची झाली होती, की मुलगी नसली की तिला थंडी वाजायची.

मग दोरा तुटायला लागला.

आधी कंपाउंडरच्या बायकोची बाही निघाली. फळीवरचा डबा काढायला तिने हात वर केला आणि बाही खांद्यापासून सुटून कोपरावर आली. नंतर पोस्टमनची पँट. सायकलवर टांग टाकताना ती मागून थेट पट्ट्यापर्यंत उसवली. तो पत्रांची पिशवी मागे धरून शेतावर आला.

“काय सांगू वहिनी,” तो टाचणीला म्हणाला, “आज प्रत्येक घरातून उलट्या पावली निघालो. लोकांना वाटलं, काय हा नम्रपणा!”

थोरली गोठ्यातून हे ऐकत होती. तिला हसू आलं, आणि हसण्याच्या तळाशी एक बारीकसा, गोडसर आनंद लागला. तो तिने ओळखला. पुढे जे जे झालं त्यात तिला स्वतःची कधीच पुरती खात्री वाटली नाही ती या आनंदामुळे.

टाचणीने उसवलेली शिवण उजेडात धरून पाहिली. कापड शाबूत होतं. दोरा मात्र बोटांनी ओढताच भुगा होऊन येत होता. टाचण्यांवर तांबूस ठिपके आले होते, सुया काळवंडल्या होत्या, चांगली कात्री सांध्यात धरत होती. नवी रिळं आणली, तीही थोड्या दिवसांत तशीच झाली.

“ताई,” टाचणीने एका दुपारी विचारलं, “हल्ली मीठ कुठे ठेवता तुम्ही?”

“जिथे कायम ठेवते तिथेच. का गं?”

“सहज. मिठाच्या पाण्याने लोखंड गंजतं म्हणतात.”

“गंजत असेल. माझी जीभ तर अजून शाबूत आहे.”

टाचणी हसली नाही. त्या दिवशी तिने धान्याच्या खोलीला कुलूप लावलं. तिचं मशिन त्याच खोलीत होतं. खिडकीही आतून बंद केली आणि किल्ली गळ्यात घातली.

कुलूप लागल्यावर दोरा जास्तच तुटायला लागला.

हे घराच्या अंगावरच आलं. बंद खोलीत कोण जातं? टाचणी उंबऱ्यावर पीठ भुरभुरून ठेवू लागली. पावलं उमटत नव्हती. तिची नजर मग घरातल्या प्रत्येक हातावर जाऊन बसायची, पण सर्वांत जास्त वेळ थोरलीच्या. जेवायला वाढताना, कॅन धुताना, मुलीची वेणी घालताना. थोरली आपले हात पदराखाली घ्यायला लागली आणि मग हात लपवते म्हणून आणखी संशय येईल या भीतीने पुन्हा बाहेर काढायला लागली. तीही संशय घ्यायला शिकली. सासूबाईंना मशिनचा आवाज सोसवत नाही. धाकट्याला बायकोचं गावभर झालेलं नाव खुपत असेल. दुधाच्या गाडीवाला उगीच खिडकीशी रेंगाळतो. संशयाचं हे काम सोपं होतं. कुणालाही धरावं आणि तो बरोबर बसावा.

एका सकाळी टाचणीने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. “बटाटे निघाले की आम्ही पंपाजवळच्या दोन खोल्यांत राहायला जातो. वेगळी चूल मांडतो. या घरात माझं काम नासवतात.”

“कोण नासवतं?” सासूबाईंनी विचारलं. “नाव घे ना.”

“नाव घ्यायला मला डोळ्यांनी दिसायला हवं. मी तुमच्यासारखी ऐकीव बोलत नाही.”

“आणि पोरगी?” थोरलीच्या तोंडून निसटलं.

“पोरगी आईजवळ झोपते, ताई. सगळीकडे तशीच पद्धत असते.”

धाकटा ताटात बघत राहिला.

त्या दिवसापासून थोरलीच्या डोक्यात एक विचार आला आणि तो जाईना. हे सगळं टाचणी स्वतःच करत असली तर? किल्ली एकच आणि तीही तिच्याच गळ्यात. वेगळं व्हायला निमित्त हवं, म्हणून स्वतःचाच दोरा कुजवायचा आणि आळ दुसऱ्यावर. हे सिद्ध झालं तर घरात कुणी तिला जाऊ देणार नाही, मुलगी तर नाहीच. विचार घाण होता हे थोरलीला कळत होतं. पण शेण रोज उपसणाऱ्या बाईला घाणीत हात घालायची भीती नसते.

बटाट्यांची शेवटची पोती भरली जात होती. टाचणी पंपाच्या खोल्या झाडायला गेली. सासूबाई ओसरीत पडल्या होत्या. त्यांच्या शेजारी मुलगी झोपली होती. थोरली धान्याच्या खोलीसमोर उभी राहिली. ते दार जुनं, खालून उचललं की बिजागरीच्या खिळ्यांवरून अलगद निघायचं. कडीकुलपाला धक्कासुद्धा लागत नसे. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. टाचणीला कुणी सांगितली नव्हती, पण मुद्दाम लपवली होती असंही नाही. तिने दार उचललं आणि भिंतीला टेकवलं. कुलूप कडीत लटकत राहिलं.

आत शिरताच नाकात काहीतरी चुरचुरलं. तिने मशिनचा खण पाहिला, कापडांचे गठ्ठे पाहिले. मिठाची पुडी नाही, काही नाही. मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे रिळांचे डबे सरकवले. डब्यांमागे, भिंतीला लागून, एक उभी वस्तू होती. तिच्या अंगात खोळ होती, निळ्या पट्ट्यांची, गळ्याशी नाडी ओवलेली. थोरलीने धरली तर खोळ बोटांत राखेसारखी विरली. आत बाटली होती. तिचं झाकण तडकलेलं होतं.

तिला बाटली लगेच ओळखू आली. दुधाच्या कॅनला आतून पांढरा थर धरतो, तो काढायचं अ‍ॅसिड. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मुलगी गोठ्यात या बाटलीचं झाकण फिरवताना सापडली होती. घरभर बोंब झाली. तेव्हा टाचणीने बाटली हिसकावून घेतली आणि म्हणाली, “याची मी व्यवस्था लावते.” सगळ्यांना वाटलं, फेकली. फेकायची कुठे, जमिनीत की पाण्यात, असं तिला वाटलं असणार. मग सर्वांत उंच फळी, सगळ्यांत मागची जागा, आणि पोरीला ओळखू येऊ नये म्हणून वरून खोळ. आणि मग शेतातली कामं, गिऱ्हाइकं, बटाटे. विसरली. बाटली मात्र तडकलेल्या झाकणातून गुपचूप वाफ सोडत राहिली, आणि रोज तिथेच बसून टाचणीच्या नाकाला तिची सवय होत गेली. खिडकी बंद झाल्यावर तर वाफेला जायला वाटच उरली नाही.

थोरलीला सुटल्यासारखं वाटलं, पण ते एक श्वासभरच. हे दाखवायचं कसं? रागावलेल्या बाईची समजूत घालता येते. खोटी पडलेली बाई एक दिवस थांबायची नाही. आजच मुलीला घेऊन जाईल, आणि पुन्हा या दारात तोंड दाखवायला येणार नाही. बाटली पदराखाली न्यावी, उकिरड्यापलीकडे पुरून टाकावी, दोरा आपोआप तुटायचा थांबेल. पण मग आळ तसाच राहील, थोरलीच्या हातांवर, कायमचा.

“अखेर दिसलं डोळ्यांनी.”

टाचणी दाराच्या रिकाम्या चौकटीत उभी होती. काखेत मुलीचं अंथरूण होतं, पंपाच्या खोल्यांत न्यायला वळकटी केलेलं. तिने भिंतीला टेकलेलं दार पाहिलं, त्यावरचं कुलूप पाहिलं.

“तरीच कुलूप शाबूत राहायचं,” ती म्हणाली. “घर मिळून दार उचलतं. उतरा ताई. पडाल, आणि तेही माझ्याच नावावर लागेल.”

आवाजाने सासूबाई उठून आल्या. “काय झालं? सापडला का चोर?”

“सापडला,” टाचणी म्हणाली. “स्टुलावर आहे.”

थोरली उतरली. पुरायचा विचार अजून तिच्या हातात होता, बाटलीसकट. मग तिने बाटली कापड बेतायच्या टेबलावर ठेवली आणि शेजारी निळ्या खोळीचा उरलेला तुकडा ठेवला, नाडी ओवलेला.

“वास घे,” ती म्हणाली. “डब्यांमागे होती.”

टाचणीने तुकडा उचलला. शिवण बघितली. अंगठ्याने टाके चाचपले. तिच्याएवढे बारीक टाके घरात दुसरं कुणी घालत नव्हतं. तिची नजर बाटलीवरून फळीवर गेली, फळीवरून खिडकीच्या कडीवर, आणि मग ज्या किल्लीला एवढे दिवस छातीशी धरलं होतं तिच्यावर. चेहऱ्यावर काय सरकलं ते थोरलीला नीट वाचता आलं नाही. लाज असेल. हिशेबही असेल.

“ही त्या कॅनची ना?” सासूबाईंना आता कळलं. “तूच घेतली होतीस गं! आणि आम्हाला मिठाचं विचारत होतीस? बोल की आता! इतके दिवस तोंडाला खीळ नव्हती.”

“आई, पुरे,” थोरली म्हणाली. “पोरीच्याच जिवासाठी ठेवली होती तिने.”

बाहेर ओसरीत मुलगी जागी झाली होती. झोपेतल्या आवाजात तिने हाक मारली, “मोठी आई...”

दोघी जावांच्या माना एकदमच वळल्या. थोरली जागची हलली नाही. हललं तर काही तरी ठरेल असं तिला वाटलं.

टाचणीने अंथरुणाची वळकटी टेबलावर ठेवली. बाटली दोन्ही हातांनी उचलली, झाकण वर धरून, अंगापासून लांब. अंथरूण तिने परत दिलं, की बाटली धरायला हात मोकळे हवे होते, हे थोरली तिच्या पाठीकडे बघून ठरवू पाहत होती. टाचणी चौकटीतून बाहेर पडली, ओसरीतल्या मुलीजवळून न थांबता गेली आणि अंगणात उतरली.