प्लाझ्मा आणि दादाचा अबोला

करंटवर पत्रा कापणारा प्लाझ्मा कटर घेतला त्या दिवसापासून माझा थोरला भाऊ माझ्याशी बोलेनासा झाला. बेटेगावजवळ आम्हा दोघांचं ट्रकच्या बॉडीचं गॅरेज आहे. दादाचा हात गॅस कटरवर बसलेला. दोन सिलिंडर टेम्पोत टाकले की तो मनोरला हायवेवर जाऊन, कुठल्याही बंद पडलेल्या ट्रकचा वाकलेला बंपर कापून येणार. "याला करंट लागत नाय. लाईट गेली तं तुजी मशीन काय करील?" हा त्याचा सवाल. लाईट आमच्याकडे जाते, हे मलाही ठाऊक आहे. पण नवीन काही दिसलं की माझे हात शिवशिवतात, आणि या वेळी माझ्याकडे कारणही होतं.

कारण म्हणजे किनाऱ्यावरच्या गावातले एक चिकूवाले काका. आयुष्यभर भाड्याच्या गाडीतून माल पाठवून त्यांनी पहिल्यांदाच स्वतःचा नवा कोरा ट्रक घेतला होता. बॉडी बंद पत्र्याची, आत चिकू उकडून जाणार. तेव्हा बाजूच्या पत्र्यात हवेसाठी खिडक्या कापून जाळ्या बसवायच्या होत्या. जाड लोखंडाला गॅस उत्तम, पण पातळ पत्रा त्या ज्योतीनं तापून पापडासारखा वाकडा होतो. दादानं एका जुन्या पत्र्यावर कापून पाहिलं. वाकडा झालाच. तरी म्हणतो, "ठोकून सरल करू." नवा ट्रक ठोकून द्यायचा! माझं डोकंच सणकलं.

मशीन घ्यायला बोईसरच्या दुकानात दादा आला खरा, पण हाताची घडी घालून. दुकानदारानं पत्र्याचा तुकडा कापून दाखवला. कड इतकी साफ की मी तो तुकडा बोटांनी चाचपत राहिलो, चहा गार झाला तरी. दादा तिकडे मशीनमागे उभा राहून दुकानदाराशी काहीतरी बोलत होता. भाव पाडत असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. मशीन टेम्पोत चढवली आणि गॅरेजपर्यंत आलो, तरी त्याच्या तोंडातून शब्द नाही.

आमच्या अबोल्यात काम मात्र थांबत नाही. "कोनीतरी नली धरा," असं तो भिंतीला सांगतो. "कोणीतरी चहा सांगा," असं मी समोरच्या ट्रकला सांगतो. वहिनी म्हणते, दोन म्हातारे शाळेत घातले पाहिजेत.

काकांचा ट्रक रात्रीच येऊन गॅरेजात लागला होता. सकाळी मी चेसिसला अर्थिंगचा चिमटा लावला आणि दुपारपर्यंत दोन्ही बाजूंच्या खिडक्या कापून मोकळा झालो. पत्रा जरासुद्धा वाकला नाही. मी मुद्दाम मोठ्यानं शीळ घालत होतो, कोणाला ऐकवायला ते सांगायला नको. जाळ्या बसवत होतो तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातला इलेक्ट्रिशियन बघायला आला. खिडक्यांवरून हात फिरवला, वाहवा केली आणि सहज म्हणाला, "बॅटरी का तार निकाला था ना? नई गाडी है, कम्प्युटर उड जाता है."

माझी शीळ तिथंच मेली. गॅसनं कापताना बॅटरीला कधी कोणी हात लावत नाही, ज्योतीत कसला आलाय करंट! प्लाझ्माचा करंट मात्र गाडीच्या लोखंडातून फिरतो, आणि बॅटरी जोडलेली असली तर इंजिनाचा कम्प्युटर जाळू शकतो. इतक्या वर्षांच्या सवयीत ही गोष्ट माझ्या मनातही आली नव्हती. काकांच्या वाडीत चिकू उतरवून ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भरायची होती. गाडी मेली तर फळही गेलं आणि काकांचा आमच्यावरचा विश्वासही.

चावी फिरवून बघायचा धीर मला झाला नाही. तेवढ्यात काकाच आले. खिडक्या पाहून हरखले. "झ्याक झालं रं!" म्हणत थेट केबिनमध्ये चढले आणि त्यांनी चावी फिरवली. आवाज नाही. समोरचा एक दिवासुद्धा लागला नाही. काकांनी परत फिरवली, तेच. मी म्हणालो, "काका, माझ्या हातून चूक झाली."

दादा पाना घेऊन पुढे आला. खाली वाकून त्यानं बॅटरीची पेटी उघडली. दोन्ही तारा सुटलेल्या, चिंधीत गुंडाळून बाजूला ठेवलेल्या. त्यानं त्या जागेवर बसवून आवळल्या आणि काकांना हात केला. समोरचे सगळे दिवे लागले, इंजिन धडधडलं. कधी नव्हे ते मला देव आठवले, आणि तेही सगळे एकदम.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"दुकानात तू तुकडा कुरवालत व्हतास, तवा मी इचारून घेतलं. नवी मशीन, काय सांभालायचं ता नको इचारायला?"

"मग मला सांगायचं नाही?"

"आपलं बोलनं कुटं व्हतं?" तो म्हणाला. "सकाली तू यायच्या आदी मीच काढून ठेवल्या."

मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. ज्या मशीनपायी तो माझ्याशी बोलत नव्हता, तिचं सगळं त्यानं माझ्याआधी शिकून घेतलं होतं. ते केवळ मी ती चालवणार होतो म्हणून.