तेरा नावांची लादी

दळवीने संगमरवराची लादी माझ्या बाकावर पालथी टाकली आणि म्हणाला, "सावंत, ही बाजू कोरी आहे. पॉलिश मार, पाहुण्यांचं नाव खोद. रविवारी बागेचं उद्घाटन आहे."

गिरण्यांच्या संपानंतरची दोन-तीन वर्षं असतील. घाटकोपरला माझा अक्षरं खोदायचा छोटा वर्कशॉप होता. उद्घाटनाच्या पाट्या, देवळातल्या देणगीदारांच्या पाट्या, असली कामं. दळवी कंत्राटदार. जुनी लादी पालटून मागच्या बाजूवर नवं नाव खोदायचं, ही आमच्या धंद्यातली नेहमीची पद्धत. दगड वाचतो. जुनी अक्षरं भिंतीकडे जातात, त्यांच्यात सिमेंट भरतं, विषय संपला.

दळवी गेल्यावर मी लादी उलटी केली. जुनी अक्षरं फार खोल असतील तर दुसऱ्या बाजूने छिन्नी चालवताना लादी तडकते, म्हणून बघावं लागतं. अक्षरं खोल नव्हती. वेडीवाकडी होती, धंद्यातल्या माणसाचा हात नव्हता तो. वर लिहिलं होतं, 'ही विहीर खणणारे'. खाली तेरा नावं. आठ पुरुष, पाच बाया.

बाग होत होती त्या टेकडीवरूनच दळवीने लादी आणली होती. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो. विहिरीवर काँक्रीटचा स्लॅब पडला होता, बाजूला बागेची झाडं लावलेली. शेजारच्या वस्तीत चौकशी केली तर एक म्हातारी पुढे आली. गयाबाई. यादीतलं चौथं नाव.

"दोन माणसं आली, पहार लावून काढली," ती म्हणाली. "साफ करून आणून देतो बोलले. तुमीच साफ करताय व्हय?"

मी विहिरीचं विचारलं.

तिने सांगितलं. खाली चाळीत नळ होता, पण या बौद्ध वस्तीतल्या माणसांना तिथे हंडा लावू देत नव्हते. ही सगळी खाणीत दगड फोडणारी माणसं. सुट्टीच्या दिवसांत मिळून विहीर खणली. कुठल्यातरी इमारतीच्या कामावर उरलेली लादी गयाबाईच्या नवऱ्याने आणली आणि स्वतःच नावं खोदली. पुढे वस्तीत नवी सून आली, की पहिली कळशी भरण्याआधी कुणीतरी तिला ती तेरा नावं वाचून दाखवायचं. नळ आले तरी हे चालूच होतं.

"मला वाचाया येत न्हाई," गयाबाई म्हणाली. "पर माजं नाव कुटं हाय त्ये ठावं हाय. बोट लावून दावते."

खाली उतरताना माझं डोकं तापलं होतं. दळवी वर्कशॉपवर आलाच होता.

"दुसरी लादी आण," मी म्हणालो.

"का? हिला काय झालं?"

"मागे माणसांची नावं आहेत."

"अरे, मग? ती बाजू सिमेंटात जाणार ना! कोण वाचतंय?"

"तुझ्या बापाचं नाव घालू सिमेंटात?"

"बापावर जाऊ नको हां सावंत! तू अक्षरं खोदणारा, पुढारी झालास काय? नसेल जमत तर सांग. दुसरा घासून गुळगुळीत करून देईल."

हे मात्र खरं होतं. दुसरीकडे घासायच्या मशीनवर तेरा नावं अर्ध्या तासात गेली असती. मी राग गिळला आणि म्हणालो, "मीच करतो. पण फिटिंगही माझं." त्याच्या डोक्यावरचं एक काम कमी झालं. तो खूश होऊन गेला.

पाहुण्यांचं नाव मी नीट खोदलं. कामात बेइमानी नाही केली. मात्र लादी भिंतीत बसवली नाही. बागेत दगडाचे दोन खांब रोवले, त्यांना खाचा पाडल्या आणि लादी मधोमध उभी केली. दोन्ही बाजू मोकळ्या.

रविवारी सकाळी दळवी ओरडतच आला. "भिंतीत का नाही बसवली? काढ ते!"

"सिमेंट ओलं आहे. आत्ता हलवलीस तर पाहुण्यांच्या पायावर पडेल. तुझी मर्जी."

पाहुणे गेटपाशी आले होते. दळवी हात जोडून पुढे धावला. पडदा सरला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. सगळी साहेबमंडळी समोर होती आणि वस्ती मागच्या बाजूला. गयाबाईने चौथ्या नावावर बोट ठेवलं आणि शेजारच्या मुलीला म्हणाली, "वाच गं. मोठ्यानं वाच." समोर भाषण सुरू झालं होतं. मुलीने तरी तेराही नावं वाचली.

दळवीने मला पुन्हा काम दिलं नाही. माझं काही अडलं नाही.

धडा एवढाच, की लादी पालटण्याआधी वाचावी. त्याआधीच्या वर्षांत मी कितीतरी लाद्या फक्त अक्षरांची खोली बघून पालटल्या. त्यांच्यावर कुणाची नावं होती, मला आठवत नाही. त्या कुठल्या कुठल्या भिंतींत आहेत, आणि हा राग दळवीवर काढता येत नाही.