काकांचा तिऱ्हाईत

माझ्या काकांना काम सांगणं म्हणजे विकतचं दुखणं. हे पुरतं ठाऊक असूनही मी त्यांना काम सांगितलं, कारण इंग्रजीतला रुक्ष मजकूर माणसाला कळेल अशा मराठीत आणणारं दुसरं कोणी माझ्या ओळखीत नव्हतं.

काका म्हणजे रोह्याचे गोपाळकृष्ण मास्तर. एकतीस वर्षं त्यांनी मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गावाबाहेर वरसे इथे छोटंसं घर बांधलं. ऐकू थोडं कमी येतं, त्यामुळे आवाज मोठा. वस्तीतले लोक लग्नपत्रिका छापण्याआधी त्यांना दाखवायला आणतात. काका ती तपासून नुसती परत करत नाहीत, खाली गुणही देतात. एका मुलाच्या पत्रिकेला त्यांनी दहापैकी साडेचार दिले, तेव्हा मुलाची आई आठवडाभर त्यांच्यावर रुसली होती.

मी आसावरी. पेणला माझं दोन संगणकांचं ऑफिस आहे आणि मी लोकांच्या वेबसाइट बनवते. पेणच्याच एका तपासणी केंद्राची वेबसाइट माझी. खासगी माहितीबद्दलचं पान मराठीतही हवं, असं तिथल्या डॉक्टरांना कोणीतरी सांगितलं. मी इंग्रजी मजकूर काकांना पाठवला आणि वर लिहिलं, ‘उद्यापर्यंत द्या.’

आठ दिवस झाले. मजकूर आला नाही, फोन मात्र रोज तीन आले.

“आसावरी, थर्ड पार्टीला काय लिहू?”

“तृतीय पक्ष लिहा. सगळे तेच लिहितात.”

“पक्ष? निवडणुकीतला की भाद्रपदातला?”

मी डोक्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी कुकीवरून सुरू झालं. मी गमतीने म्हटलं, बिस्किट लिहा. काका हसले नाहीत. “आधी वस्तू कळू दे, मग शब्द सापडेल,” म्हणाले. मग मला काम बाजूला ठेवून सगळं समजावत बसावं लागलं. आपल्या पानावर जाहिरात कंपन्यांचे छोटे तुकडे बसवलेले असतात. ते येणाऱ्याच्या मोबाइलमध्ये एक खूण ठेवतात. तोच माणूस पुढे दुसऱ्या वेबसाइटवर गेला आणि तिथेही त्याच कंपनीचा तुकडा असला, की ती खूण ओळखून कंपनीला कळतं, हा आधी कुठे जाऊन आला.

“म्हणजे आपल्या घरी आलेल्या पाहुण्याच्या खिशात तिसऱ्यानेच चिठ्ठी टाकायची, आणि आपण बघत बसायचं?”

“बघत काय बसायचं, काका? त्याला आपणच आत घेतलेलं असतं.”

“मग हे तिथे स्पष्ट लिहिलंय का?”

माझा पारा चढला. “काका, ते कोणी वाचत नाही! खाली पट्टी येते, लोक ‘मान्य आहे’ दाबतात आणि पुढे जातात.”

काका म्हणाले, “शाळेतली पोरंही धडा वाचत नसत. म्हणून मी शिकवायचं सोडलं नाही.” आणि फोन ठेवला.

शेवटी रविवारी मी स्वतःच वरशाला जाऊन धडकले. काकू, म्हणजे मालतीकाकू, ओसरीवर एकटीच पोह्याचे पापड लाटत होती. एकटी, हे मला खटकलं. कारण काकूचे पापड आणि शेजारची खतीजाचाची हे इतकी वर्षं वेगळं काढताच येत नव्हतं. एकीने लाटायचे, दुसरीने उन्हात घालायचे आणि दोघींनी मिळून सगळ्या वस्तीची खबर घ्यायची.

“चाची कुठेय?” मी विचारलं.

“असेल कामात,” म्हणत काकूने मान खाली घातली. लाटलेला पापड एका बाजूने जाड झाला होता.

काकांनी मला आत बोलावून त्यांच्या समजुतीने हळू आवाजात सांगितलं, “महिना झाला, बोलत नाहीत दोघी. का, ते विचारलं की ही चहा ठेवायला उठते. काल मी सात चहा प्यायलो.”

त्यांना माहीत नव्हतं ते मलाही नंतरच कळलं, पण इथे आधी सांगून टाकते. खतीजाचाचीला छातीत गाठ लागली होती. घाबरून तिने ते फक्त काकूला सांगितलं. मुलगा मुझम्मिल नोकरीसाठी आखातात, दोह्याला; त्याच्या जिवाला घोर नको. सून रिझवाना नवीन, तिला कशाला. काकूने चाचीच्याच मोबाइलवर पेणचं तपासणी केंद्र शोधून वेळ घेतली. दोघी गुपचूप जाऊन येणार होत्या. पण चार दिवसांत मुझम्मिलचा रडत फोन आला, “अम्मी, तू लपवलंस का?” चाचीने ओळखलं, आणि चुकीचं ओळखलं. सांगितलं होतं एकीलाच, म्हणजे फोडलं तिनेच. तिने काकूला दारातूनच परत पाठवलं आणि तपासणीलाही गेली नाही. ज्या बाईचा हात धरून जायचं, तिनेच दगा दिला म्हटल्यावर कुठे जाणार? गाठ तशीच होती आणि दिवस जात होते. काकू पापड लाटत होती ती या काळजीने अर्धी होऊन.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी भाषांतराचा कागद मागितला. काका म्हणाले, “आधी ऐक. कानाला कळलं तरच खरं.” आणि ओसरीवर उभं राहून वर्गात वाचावं तसं त्यांनी वाचायला सुरुवात केली.

“‘तुम्ही आमच्या पानावर आलात की तुमच्या मोबाइलमध्ये एक खूणचिठ्ठी ठेवली जाते. काही चिठ्ठ्या आमच्या असतात. पण काही तिऱ्हाईताच्या असतात. त्याला आम्हीच आत येऊ देतो. तुम्ही पुढे दुसरीकडे गेलात आणि तिथेही तोच तिऱ्हाईत बसलेला असला, तर तो तुमची चिठ्ठी ओळखतो. तुम्ही आमच्याकडे कोणत्या दुखण्याची चौकशी केलीत, हे त्याला तुम्ही न सांगता कळू शकतं. मग तो त्याच दुखण्याच्या जाहिराती तुमच्या मोबाइलवर दाखवतो. तुम्ही नको म्हणू शकता. नको म्हटलंत तरी तपासणीची वेळ मिळेल.’”

तिऱ्हाईत! मला हा शब्द सुचला नव्हता याचा रागही आला आणि काकांचं कौतुकही वाटलं.

काकूचं लाटणं थांबलं होतं.

“परत वाचा.”

“कुठून?”

“तिऱ्हाईतापासून.”

काकांनी वाचलं. काकूने माझ्याकडे पाहिलं. “ही पेणच्या त्या केंद्राची वेबसाइट? खाली पट्टी येते ती?”

“हो.”

“ती मी दाबली होती,” काकू म्हणाली. कुणाच्या मोबाइलवर, कशासाठी, ते तिने सांगितलं नाही. पिठाच्या हाताने तिने माझं मनगट धरलं. “चल. कागद घे.”

काही न समजल्यामुळे काकाही मागोमाग आले.

खतीजाचाची दारातल्या खुर्चीवर बसली होती. काकूला पाहून तिने तोंड फिरवलं. “काय काम हाय?”

“मला काही बोलायचं नाही. ही वाचेल,” काकू म्हणाली.

मी वाचलं. कोणी वाचत नाही असं मीच म्हटलं होतं, आणि आता मीच मोठ्याने वाचत होते. चाची म्हणाली, “मग? मला काय त्याचं?” काकूने ती पट्टी कुणाच्या मोबाइलवर दाबली असेल, याचा मला आता अंदाज आला.

“चाची, ही वेबसाइट माझी. ते तिऱ्हाईत मीच आत बसवलेत. तुमच्या मोबाइलवर कोणी ती उघडली असेल, तर पुढे तशाच जाहिराती आल्या असतील. कुणी कुणाला काही सांगावं लागत नाही.”

मला लाज वाटली. इतकी लाज मला माझ्या कामाची कधीच वाटली नव्हती.

आतून रिझवाना बाहेर आली. तिचे डोळे भरले होते. “अम्मी, मी तुमच्या मोबाइलवर रेसिपी बघत होते. रोज तीच जाहिरात. छातीतली गाठ अंगावर काढू नका. मी घाबरले, म्हणून ह्यांना सांगितलं. तुम्हाला वाटेल मी तुमच्या मोबाइलात डोकावते, म्हणून बोलले नाय. काकूंनी मला काय बी नाय सांगितलं.”

“गाठ?” काका केवढ्यांदा तरी म्हणाले. “कुणाला गाठ?”

चाचीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. “मास्तर, तुम्हाला म्हायत नाय?”

“मला माझ्या घरात कोण काय सांगतं!”

चाची हळूहळू काकूकडे वळली. “एक महिना मी तुझं तोंड बघितलं नाय. दारातून घालवली तुला. तरी तू नवऱ्याला पण नाय सांगितलंस?”

“तू सांगू नको म्हणाली होतीस,” काकू म्हणाली.

चाचीने तिला जवळ ओढलं आणि ती मोठ्याने रडायला लागली. काका चष्मा पुसत अंगणात जाऊन उभे राहिले. मी तिथूनच डॉक्टरांना फोन करून मंगळवारची वेळ मागितली, आणि जाहिरातींचे तुकडे काढतेय हेही सांगितलं. ते म्हणाले, सोमवारी बोलू. मी म्हटलं, सोमवारी बोलू, पण काढतेय आत्ताच. काकूच्या ओसरीवर परत येऊन लॅपटॉप उघडला आणि मी एकेक तुकडा काढला. काकांचं पान मात्र वेबसाइटवर चढवलं; फक्त तिऱ्हाईताला आम्हीच आत येऊ ‘देतो’ होतं, तिथे ‘देत होतो, आता देत नाही’ केलं. डॉक्टरांची अजून कुरकुर असते, इतकं सोपं कशाला लिहायचं म्हणून.

मंगळवारी सकाळी दोघी एसटीने पेणला आल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आत फक्त पेशंट जाईल.” चाची म्हणाली, “ही बाहेर बसली, तर मी आत जात नाय.” मुलीने दोघींना आत सोडलं.

इथपर्यंतचं सगळं नावानिशी लिही, असं खतीजाचाचीने मला सांगितलं. गाठीचं पुढे काय झालं, तेही तिने मला सांगितलं आहे. पण ते लिही, असं काही ती म्हणालेली नाही.