पुनवेच्या आधीची सीट

बोईसर स्टेशनबाहेर बाबांनी माझी ट्रंक रिक्षातून उतरवली, तेव्हा आमचं बोलणं बंद होतं. आई डोळे पुसत डबा हातात देत होती. बाबा म्हणाले, "बाय, नीट जा." मी ट्रंक उचलली आणि फलाटाकडे वळले. नागपूरला निघाले होते, जायचं होतं पुण्याला!

तुम्ही आपल्या एडवण गावच्या किनाऱ्यावर राहिलेले आणि तुम्ही माझ्यासारखे पोटापाण्यासाठी पांगलेले, सगळ्यांनाच एकदा हे सांगायचंय. ऐका आणि मग खुशाल हसा.

बोईसरच्या एमआयडीसीत मी दोन वर्षं डिस्पॅचला होते. गेटवर ट्रक उभे, आत माल तयार, आणि कागद कुठे अडकलाय हे कुणालाच ठाऊक नाही. ड्रायव्हर माझ्यावर ओरडायचे, "मॅडम, कब तक?" तेव्हाच ठरवलं, एमबीए करायचं आणि तेही सप्लाय चेनमध्येच. बाबांना समजावलं, बोट लागायच्या आत बर्फ बंदरावर पोचवायचा, तेच हे शास्त्र. ते म्हणाले, "मग त्याला कॉलेज कशाला? आमी जन्मभर तेच करतोय."

कॉलेज निवडताना जीव मेटाकुटीला आला. रोज कुणीतरी फोनवर गोड बोलायचं, "हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट!" माहितीपत्रकं सगळी सारखीच, काचेची इमारत आणि टाय लावलेली पोरं. शेवटी मी शिकून गेलेल्या मुलांनाच शोधून फोन केले. गोदामात, बंदरावर खरंच पाठवतात का, शिकवणाऱ्यांनी कधी कारखाना पाहिलाय का, हे विचारलं. पुण्याचं एक कॉलेज सगळ्यात उजवं निघालं. पहिल्याच फेरीत तिथे माझं नाव लागलं. शुक्रवारपर्यंत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं होतं.

आणि नारळी पौर्णिमा होती सोमवारी.

माझी सर्टिफिकेटं घरच्या लोखंडी पेटीत आणि पेटीची किल्ली बाबांच्या करगोट्याला. दर्याला नारळ दिल्याशिवाय आमच्यात होडी पाण्यात जात नाही, हे मलाही मान्य आहे. पण बाबांनी तो नियम माझ्या शिक्षणालाही लावला! "पुनव होऊ दे. मंग तुला बी सोडू." मी रडले, भांडले, जेवले नाही. आई म्हणाली, "थांब ना गो चार दिस, कॉलेज काय पळून जातंय?"

पळून गेलं. सोमवारी नारळ पडला, मंगळवारी किल्ली मिळाली, आणि सीट तोवर दुसऱ्याची झाली होती. माल वेळेत पोचवायचं शास्त्र शिकायला निघालेली मी, माझेच कागद वेळेत पोचले नाहीत. पुढच्या फेरीत नागपूर मिळालं. तिथे सप्लाय चेनचे दोनच विषय, तेही मिळमिळीत.

नागपुरात आता पाच वर्षं झाली. औषधांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये प्लॅनिंग बघते. सावजी खाते, पण पापलेट मागितलं की इथला मासेवाला तळ्यातलं काहीतरी पुढे करतो आणि हेच पापलेट म्हणून शपथा खातो. माझ्याच कामातले, पुण्यात शिकलेले लोक माझे साहेब आहेत. दर प्रमोशनला मी मनातल्या मनात बाबांना दोन शब्द सुनावत आले.

गेल्याच महिन्यात, ऐन श्रावणात, पुण्याच्याच एका कंपनीने बोलावलं. लसींची कोल्ड चेन, हवं होतं तेच काम. शुक्रवारपर्यंत कळवा म्हणाले. मी झटकन मेल लिहिला, "सोमवारी कळवते." पाठवला, आणि मग कॅलेंडरकडे नजर गेली. रविवारी पौर्णिमा. कपाळावर हात मारून घेतला! पुनवेसाठी थांबायला कुणी सांगितलं होतं मला?

रागारागाने घरी फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येडी हायस काय? आत्ताच्या आत्ता हो म्हण."

"आणि पुनव?"

ते म्हणाले, "पुनव होडीला असते, पोरीला नाय. त्या वक्ताला माझं चुकलं, बाय."

पाच वर्षांनी! मी इतकी चिडले की रडूच आलं. माणसाने हे शब्द एवढी वर्षं पेटीत कुलूप लावून ठेवावेत?

घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी वैतागूनच सांगेन, जिथल्या खुळ्या चालींवर आपण जन्मभर कटकट करतो आणि परगावी गुपचूप त्याच पाळतो, ते घर. होकाराचा दुसरा मेल मी फोन ठेवायच्या आधीच पाठवला, बाबांना वाचून दाखवून. रविवारी इथल्या तलावावर नारळ घेऊन गेले. वाहताना बाबांचंच नाव तोंडात आलं.