भाकर फुगेपर्यंत

बोरस्ते सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खिडकीच्या काचेवर दोन कागद एकावर एक दाबून उभे होते. एक जुन्या संगणकावरून छापलेला, एक नव्यावरून. उजेडात अक्षरावर अक्षर बसलं तर ठीक, नाहीतर सर खुर्चीत टेकायचे, डोळे चोळायचे आणि म्हणायचे, "चला, पुन्हा पहिल्यापासून."

अंबडमधली आमची कंपनी म्हणजे जेमतेम पाच टेबलं. द्राक्षांच्या शीतगृहांना लागणारा एक प्रोग्राम आम्ही विकायचो. सरांनी तो डॉसवर लिहिला, मग विंडोजवर नेला आणि आता मालकांना तो लिनक्स या तिसऱ्याच प्रणालीवर हवा होता. सामान टेम्पोत भरलं की घर बदललं, असं थोडंच असतं? लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर वेगळा, फायली ठेवायच्या जागा वेगळ्या, काल चाललेलं आज अडायचं. एक गाठ सोडवावी तर दुसरी बसायची. कित्येक महिने आम्ही दोघं तेच करत होतो आणि मी पार कंटाळून गेले होते. सर निफाडकडचे. त्यांचं एकच म्हणणं, "नव्या चुलीवर भाकर फुगंपर्यंत जुनी इझवायची नाय."

त्यात मालकांनी आधीच सांगून टाकलं होतं की नवीन बसलं की सरांचं काम संपलं, पुढचं सगळं माझ्याकडे येणार. पन्नाशीच्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार?

अखेर प्रोग्राम चालला, बेरजा जुळल्या. पण एकाच दिवशी माल आणलेल्या शेतकऱ्यांची नावं नव्या यादीत वरखाली व्हायची. मालक म्हणाले, बेरीज बरोबर आहे ना, मग काढा ते जुनं खोकं. सर नाही म्हणाले. ज्याचा माल आधी आला त्याचा आधी निघतो, आणि हमाल ती यादी पाहूनच क्रेट काढतात. म्हातारा नोकरीसाठी वेळ काढतोय, असं मालक चारचौघांत बोलले. सरांनी पुन्हा दोन्ही याद्या समोर ओढल्या. मला मात्र फार लागलं.

नावं वरखाली होण्याचं कारण सरांनाच सापडलं. एका दिवसातली नावं कशी लावायची हे प्रोग्रामला कुणी सांगितलंच नव्हतं. जुन्या संगणकावर ती नशिबानेच आलेल्या क्रमाने राहायची. सरांनी एक ओळ वाढवली आणि दुपारी पुन्हा कागद काचेवर धरले. अक्षरावर अक्षर बसलं.

"सर, आज नको," मी हळूच म्हणाले. "अजून महिनाभर तपासतोय म्हणून सांगू."

"फुगलेली भाकर इस्तवावर ठिवली तर करपती, पोरी."

त्यांनी जुना संगणक बंद केला, पडद्यावरची धूळ रुमालाने पुसली आणि डबा उचलून मालकांच्या केबिनकडे गेले, काम संपल्याचं स्वतःच सांगायला.

सर कंपनीतून गेल्यावर कित्येक वर्षं तो प्रोग्राम कुठेही अडला नाही. त्यांच्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसवायची गरजच पडली नाही.