उत्तराचे दोन ठोके

एका परदेशी हार्ड रॉक बँडचा पहिला अल्बम साऱ्या जगानं ऐकला असेल, पण तो कळला एकट्या माझ्या धाकट्या मामांना. हे मी म्हणत नाही, मामाच म्हणतात. आणि ते खोडून काढायला कुंभारवाडा गावापलीकडच्या रानातल्या त्यांच्या वाडीत आता दुसरं माणूसच उरलेलं नाही. तरुणपणी मामा धरणाच्या कामावर मजुरीला होते. तिथल्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा जाताना त्यानं आपला टेपरेकॉर्डर मामांना देऊन टाकला, आणि आत ही कॅसेट राहून गेली. वेष्टनावर चार केसाळ पोरं रुसल्यासारखी उभी. मामी होती तेव्हा त्या चौघांकडं बघून हळहळायची, "अय्यो, ह्यांच्या आयांनी कवा तेल लावलं न्हाई काय डोक्याला?" बँडचं नाव मी मामांना चारदा तरी सांगितलं असेल. ते म्हणतात, "नाव घिऊन काय करू? लगीन लावायचं हाय काय?"

वाडीत वीज नव्हती. टेप चालायचा सेलवर, आणि सेल आणायला बस गाठून रामनगरला यावं लागे. म्हणून मामा जुनेच सेल कौलांवर उन्हात वाळवत, मिरच्या वाळवाव्यात तसे. वाळवलेल्या सेलवर टेप चालायचा, पण चिखलातल्या बैलासारखा. गाणारा घोगऱ्या आवाजात रडतखडत गायचा, ढोल एक ठोका टाकून दुसऱ्याचा विचार करत बसायचा. मामांनी वर्षानुवर्षं ती कॅसेट अशीच ऐकली. पुढं रामनगरला माझ्या भांड्यांच्या दुकानात मी मोठ्या हौसेनं मोबाइलवर तोच अल्बम त्यांना ऐकवला. मामा दोन मिनिटं कपाळाला आठ्या घालून बसले आणि म्हणाले, "ही नक्कल हाय. अस्सल पोरं असली घाई करत न्हाईत. ह्यांची काय शेवटची बस चुकायला लागलीय?" त्याच बँडचे पुढचे अल्बम ऐकवायला गेलो तर कानांवर हात ठेवले. "पहिल्या येळंला पोटातलं असतंय ते येतंय बाबा. मागनं नुसता आवाज ऱ्हातोय."

एक शब्द कळत नसताना हा माणूस त्या कॅसेटमध्ये एवढा कसा अडकला, हे मला बरीच वर्षं कोडं होतं. एकदा भात मळून झाल्यावर खळ्यात बसून त्यांनी सांगितलं. पहिल्या गाण्याच्या शेवटी गाणारा मोठ्यानं ओरडतो, मग ढोलाचे चार ठोके पडतात, आणि मग काहीच नाही. "म्हंजे काय झालं सांग," मामा म्हणाले. "गडी रानात एकटा हाय. हाक घालतोय. आन् कोण ओ देत न्हाई." एवढं बोलून त्यांनी गाणं लावलं, चार ठोके पडू दिले, आणि मग शेजारच्या तेलाच्या रिकाम्या डब्यावर आपण दोन ठोके मारले. ठण्, ठण्. "हाकंला उत्तर द्यावं माणसानं. न्हाई दिलं तर त्याला रातभर झोप येईल काय?"

आमच्या त्या भागात घरं एकमेकांना दिसत नाहीत. एक घर, मग रान, मग ओढा, मग दुसरं घर. भात पिकायला आलं की रानडुकरं उतरतात, म्हणून जो तो आपल्या शेतातल्या माळ्यावर राखणीला बसतो. दिवेलागणीला एकानं "होऽऽ" करायचं, पलीकडच्यानं ओ द्यायची, मग त्याच्या पलीकडच्यानं. सगळे धड आहेत हे कळलं की जेवायचं, अशी जुनी रीत. मामांनी त्या रीतीत कॅसेट घुसवली. घसा बसला होता हे निमित्त. माळ्यावरून डब्यावर ते चार संथ ठोके हाणले आणि ओढ्यापलीकडनं दोन ठोक्यांचं उत्तर आलं. हंगाम संपेस्तोवर सगळी वाडी डबे बडवायला लागली. शिमग्याला मातीची, कातडं ताणलेली गुमटं वाजायला लागली तीसुद्धा त्याच ठेक्यावर. नंदिगड्ड्याची माणसं विचारायची, तुमच्याकडं हा ठेका कुठला? मामा मान वर करून सांगायचे, "बाहेरचा हाय. पण वाळवून घेतलाय."

मजा अशी, की ओढ्यापलीकडनं पहिलं उत्तर देणारा शेजारी आणि मामा यांचं बोलणं बंद होतं. बांधावर एक फणसाचं झाड, कापा फणस, मधासारखा गोड. ते कुणाचं, यावरून दोघांत जी जुंपली, ती मिटलीच नाही. लग्नात समोरासमोर पंगतीला बसले तरी हे डावीकडं बघणार, तो उजवीकडं. पण हंगाम असो नसो, दिवेलागणीला ह्यांचे चार, त्याचे दोन, एक दिवस चुकला नाही. मामी म्हणायची, "तोंडानं भांडताव, आन् डब्यानं नांदताव. कसली रं बाबा ही तऱ्हा!" मामी गेली त्या दिवशी मामांना डब्याचं भान कुठलं? तेव्हा शेजाऱ्यानंच आपले दोन ठोके मारले, हाक आलेली नसताना. मामा अंगणात बसून ऐकत होते. मी जवळ होतो. त्या दिवशी ते पहिल्यांदा रडले.

मग वाडी उठायला लागली. वाघाचं जंगल, सरकारची पुनर्वसनाची योजना, पोरांची शाळा, कुणाचं काय, कुणाचं काय. एकेक माळा गप्प झाला. शेवटी शेजाऱ्याचा मुलगाही बापाला घेऊन गेला, हल्याळकडं म्हणे. जाताना दोघं बोलले नाहीतच. त्यानंतर मामा रोज चार ठोके मारतात आणि थांबतात. मी म्हटलं, "मामा, पुढचे दोन बी तुमीच मारा की! निदान पुरं तरी होईल." तर असं बघितलं माझ्याकडं, जणू मी देवळात चपला घालून शिरलोय. "आपुनच हाक घालायची आन् आपुनच ओ द्यायची? यड लागलं म्हंतील." आता कोण म्हणणार, हे मी विचारलं नाही. रामनगरला चला म्हटलं की एकच उत्तर ठरलेलं. "वड्यापल्याडचा म्हातारा हाय का गेला, एवढं कळू दे. मग बघू."

गेल्या माघात मी त्यांना उळवीच्या जत्रेला नेलं. पार हल्याळकडनंही आलेल्या सजवलेल्या बैलगाड्या, कानडी-मराठी गलका, झाडाखाली तीन दगडांच्या चुली. मामा डबा घेऊन आले होते. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. दुपारी जेवणं व्हायच्या वेळी ते एका गाडीच्या साटीवर चढले आणि हाणले चार ठोके. माणसं वळून बघायला लागली. मामा थांबले. काही नाही. परत चार. मी त्यांचा हात धरून खाली ओढणार, तेवढ्यात पलीकडच्या चुलींच्या धुरातनं आवाज आला. ठण्, ठण्. पातेल्यावर पळी मारल्याचा.

मामांनी माझा हात झटकून डबा उंच धरला. "हाय," ते म्हणाले. "हाय बेटा!"

धुरातनं काठी टेकत म्हातारा आला, पळी हातातच. दोघं समोरासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता एक डावीकडं बघणार, एक उजवीकडं. पण शेजाऱ्यानं विचारलं, "फणस धरला काय औंदा?"

"धरलाय," मामा म्हणाले. "बुडापासनं लागलाय. खाणारं कोण न्हाई."

शेजाऱ्यानं मामांना हाताला धरून आपल्या चुलीपाशी नेलं आणि पहिला भात त्यांच्या पानात वाढला.

मला वाटलं, आता मामा सुटले, आता येतील रामनगरला. परतीच्या वाटेवर विषय काढला. "आता तर मुळीच न्हाई," ते म्हणाले. "तो तिकडं ऐकत बसंल न्हवं?" हल्याळ कुठं, वाडी कुठं! पण त्यांना कोण समजावणार? कुंभारवाड्याच्या फाट्यावर ते बसमधनं उतरले आणि डबा काखेत मारून रानाच्या वाटेला लागले. मागं वळून बघितलं नाही.

आता दिवेलागणीला दुकानात दिवा लावला की मी टांगलेल्या परातीवर दोन ठोके मारतो. गिऱ्हाईकाला वाटतं, मालक परात वाजवून दाखवतायत. ते मामांपर्यंत पोचत नाहीत, हे मलाही कळतं. पण ते तिकडं थांबलेले असतात हो.