तोटीखालचा डबा

वसई रोडच्या माल यार्डात आम्ही दोघे एकाच वेळी खलाशी म्हणून लागलो. तो माणिकपूरचा ख्रिस्ती, मी बागायतदाराघरचा. काही वर्षांत तो जमादार झाला, मी खलाशीच राहिलो. त्याच्या गळ्यातली शिट्टी मला सलायची. घरी माझे वडीलसुद्धा त्याचंच कौतुक करत.

तेव्हा बागांच्या विहिरींवर रहाट जाऊन इंजिनं येऊ लागली होती. त्यांच्यासाठी क्रूड तेल रेल्वेच्या टाक्यांमधून यायचं. यार्डाची रीत अशी की टाकी गळताना दिसली, की ज्याला दिसेल त्यानं तोटीखाली पत्र्याचा रिकामा डबा टांगायचा. डबा दिसला की जमादार वाफेचं इंजिन तिला थेट लागू देत नसे. मध्ये रिकाम्या वाघिणी जोडून टाकी लांबून ओढायची, म्हणजे इंजिनातला निखारा तेलावर पडत नसे.

त्या सकाळी एक टाकी गळताना मला दिसली. डबा टांगून मी सांगायला गेलो, तर तो स्टेशनमास्तरांसमोर खुर्चीत बसून चहा पीत होता.

"काय रे, चहाचा वास यार्डापर्यंत आला वाटतं?" तो मला म्हणाला.

मास्तर हसले. मी टाकीचं न सांगताच परत फिरलो आणि डबा काढून घेतला. त्याला चार शब्द ऐकावे लागावेत, एवढंच मनात होतं.

डबा नाही म्हणून त्यानं इंजिन टाकीला लावलं. निखारा पडला आणि रुळांखालचे तेल मुरलेले लाकडी स्लीपर पेटले. वाळूच्या बादल्या घेऊन तोच आत घुसला, म्हणून टाकी वाचली. मी लांबच उभा राहिलो.

भाजलेले हात केळीच्या पानात गुंडाळून तो ओट्यावर बसला होता. त्यानं विचारलं, "तू तिकडूनच आलेलास ना? डबा होता का रे?"

"नव्हता," मी म्हणालो.

त्याची जमादारी गेली, ती मला मिळाली. तो माझ्या हाताखाली कुरकुर न करता राबला, आणि मला त्याच्या त्या शांतपणाचाही हेवा वाटे. तो गेला तेव्हा चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. तेही मला बोचलं. बाहेर त्याचा मुलगा म्हणाला, "काका, पप्पा शेवटपर्यंत म्हणायचे, 'माझीच नजर चुकली.'"

त्याची नजर चुकली नव्हती. हे त्याच्या मुलांना तोंडानं सांगायला हवं होतं. दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो, म्हणून हे लिहितोय.